पोटातून निघालेलं ‘हाड्!’

आमच्या घरात सकाळचा पहिला फोन येतो तो पुण्याहून, लेकीचा. आधी ती विचारायची, “आई, चहा झाला का?” मी पडल्यापासून तिचा प्रश्न बदलला. “आई, पडली-बिडली नाहीस ना?” रोज हेच. कप तोंडाला लागायच्या आत. जशी काही मी रात्रभर पडायची तयारीच करत होते! मग माझं डोकं फिरायचं अन् मी म्हणायचे, “अजून नाही. दिवस मावळायचाय, बघू.” त्यावर ती फोन ठेवून द्यायची.

पडले होते हे खरंय. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ भाजत होते. मूठभर तीळ फरशीवर सांडले. म्हटलं, भाजून झाले की झाडून घेऊ. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, मी वळले, पाय तिळावर पडला अन् बाई गेल्या. पडताना माणूस काय करतं? हात टेकतं. मीही उजवा हात टेकला अन् मनगटातून ‘कट्’ असा आवाज आला. मी शिंपीण आहे. उजवा हात मोडणं म्हणजे काय ते मला सांगायला कुणी डॉक्टर नको होता.

पण डॉक्टरांनी आणखी एक सांगितलंच. फोटो बघत म्हणाले, “मावशी, तुमची हाडं ठिसूळ झालीत.”

“ठिसूळ म्हणजे बिस्किटासारखी का?”

“तसंच समजा. आता मनगटावर भागलं. पुन्हा पडलात तर खुबा जाईल. मग अंथरूण सुटायचं नाही.”

ते वाक्य मी दवाखान्यातून घरी आणलं अन् ते घरातच राहिलं. प्लास्टर निघालं, पण भीती निघेना. फरशी ओली दिसली की मी दारातच थांबायचे. माझं दुकान खाली अन् घर वर दुसऱ्या मजल्यावर. तो जिना मी कठड्याला धरून आडवी आडवी उतरायला लागले. घरात चालताना भिंतीला हात. इतका, की पांढऱ्या भिंतीवर कमरेच्या उंचीवर मळकट पट्टा उमटला. अन् जितकी मी जपून चालायला लागले तितके पाय लुळे पडत गेले. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झालीत, त्यामुळे घरात हाक मारायलाही कुणी नाही.

लेकीचा हट्ट तिथूनच सुरू झाला. “दुकान बंद कर अन् इकडं ये. दिवाळीपर्यंत बघते, मग मी स्वतः येऊन तुझं सामान भरते.”

आता हे मला मान्य होण्यासारखं होतं का? आमच्या भागातल्या अर्ध्या गारखेड्याची मापं माझ्या तोंडपाठ आहेत. कुणाचा कोणता खांदा उतरता आहे, लग्नानंतर कुणाची कंबर वाढली, कुणाला पाठीला नाडी लागते अन् कुणाला हुक, सगळं डोक्यात. पुण्याला जाऊन काय करू? त्या उंच इमारतीच्या गॅलरीतून गाड्या बघत बसू? लेक मायेनं म्हणत होती, पण मला माझं दुकान सोडायचं नव्हतं. माझ्या पायानं खाली उतरायचं, शटर वर करायचं, कात्री चालवायची, एवढंच मला हवं होतं. अन् तेच हातचं जाईल अशी पाळी आली होती.

अशात एक दिवस दुकानात एक मुलगी आली. शहराच्या दुसऱ्या टोकाची, हर्सूलकडची. डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, बाहेर स्कूटी, हातात पांढऱ्या जाड कापडाचा कराटेचा ड्रेस. पॅन्ट मधोमध उसवलेली. म्हणाली, “खाला, लाथ मारी तो फट गया. दो बार सिलाया, फिर फटा.”

मी पॅन्ट उलटी केली अन् माझा पारा चढला. “हे कोणत्या दीडशहाण्यानं शिवलं? मियानीच नाही!” सलवारीला दोन पायांच्या मधे जो चौकोनी तुकडा घालतात ती मियानी. तो नसला की पाय वर उचलला की कापड ओरडतं. मनगट तेव्हा दुखतच होतं, पण इतकी गाढव शिलाई बघून मला राहवेना. बसून दिली मियानी घालून. ती आडोशाला जाऊन घालून आली अन् तिथंच दुकानात तिनं लाथ उचलली. टेप अडकवायच्या खिळ्यापर्यंत पाय गेला पोरीचा! मी दचकून मागं सरले अन् टेबल धरलं.

ती लाथेवरून हसत होती, पण नजर माझ्या हातावर. “खाला, आप पकडके कायकू चलते हरदम?”

सांगितलं सगळं. तीळ, मनगट, बिस्किट, पुणं. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणाली, “मैं लेडीज लोगां का क्लास लेती ना, इधरच, कॉलनी के शेड में. हमारे यहाँ पहले गिरनाच सिखाते. आप आओ.”

“पडायला क्लास लागतो का गं? मी तर फुकट पडले!”

हसून हसून तिच्या डोळ्यात पाणी आलं. पण गेल्यावर मला ते बोलणं सोडेना. पडायला शिकवतात म्हणजे काय? डॉक्टरांना विचारून आले. वाटलं होतं, ओरडतील. ते म्हणाले, “उड्या मारायच्या नाहीत, कुणाचा मार अंगावर घ्यायचा नाही, गोळ्या बंद करायच्या नाहीत. बाकी जा. पायात ताकद आली अन् तोल सांभाळता आला, तर माझं अर्धं काम झालं.”

पहिल्या दिवशी मी फजिती करून घेतली ती वेगळीच. तिथला नियम असा की गुरूपुढं उभं राहून कमरेत वाकायचं. मला कुणी वाकायला सांगितलं की माझे हात आपोआप पायाकडं जातात, जन्माची सवय. मी वाकले ती थेट त्या पोरीच्या पायाला हात लावून मोकळी. “तोबा तोबा, खाला!” म्हणत ती टुणकन मागं उडाली. सगळ्या बाया हसल्या. त्यात एक सासू-सून जोडीनं आलेल्या. सासूला साखरेचा त्रास, सुनेला पाठीचा. मॅडमनी दोघींना समोरासमोर उभं करून ठोसे मारायला लावलेलं, अन् दोघींच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, काय विचारता!

व्हय, शेडमध्ये मी तिला मॅडम म्हणायचे. दुकानात आली की बेटा.

मग सुरू झालं पडणं. आधी जाड गादीवर नुसतं बसायचं. हनुवटी छातीला लावायची, आपलीच बेंबी बघतोय अशी. पाठ गोल करून मागं लोळायचं अन् दोन्ही हात बाजूला आपटायचे, तळव्यापासून कोपरापर्यंत सपाट. डोकं टेकू द्यायचं नाही. अन् मुख्य म्हणजे हात मागं टेकायचा नाही. ऐकायला सोपं. करायला गेले की हात आपला जाऊन टेकतोच! मॅडम ओरडायच्या, “हात नक्को खाला, हात नक्को!” बसून जमलं मग उकिडवं, उकिडवं जमलं मग उभ्यानं. माझ्या वैजापूरच्या भावाला फोनवर सांगितलं तर तो खो खो हसला. “आक्का, या वयात कुस्ती?”

“कुस्ती नाय रे, पडायला जाते.”

“लई भारी. आमच्याकडं लोक फुकट पडतेत.” बघा, आमच्या घराण्याची अक्कल एकच.

पण एक सकाळ अशी आली की मी उभ्यानं मागं गेले, पाठ गोल झाली, हात फाडकन आपटले अन् मला काहीही झालं नाही. तशीच पडून शेडच्या पत्र्याकडं बघत राहिले. इतके महिने ज्याला घाबरत होते ते होऊन गेलं होतं अन् मी धडधाकट होते. मला रडूच आलं. मॅडमना वाटलं लागलं, त्या धावत आल्या. मी म्हटलं, “काही नाही, अजून एकदा पडू द्या.”

पुढं उभं राहायला शिकवलं. पाय फाकवून, गुडघे वाकवून, पाठ ताठ. घोड्यावर बसल्यासारखं. पहिले काही दिवस मांड्या थरथर कापायच्या अन् गुडघे बोंबलायचे. मॅडमनी बघितलं की माझे गुडघे आत पडतायत. ते बोटांच्या रेषेत आणायला लावले, अन् दुखणं हळूहळू ओसरलं. एक दिवस दुकानात कापड बेतताना माझ्या लक्षात आलं, मी टेबलावर कमरेतून वाकलेच नाही. घोड्यात उभी होते. जन्मभर वाकून बेतलं म्हणून तर माझी कंबर संध्याकाळी धरायची. तेव्हापासून घोड्यातच बेतते. गिऱ्हाईक हसतं, हसू दे.

एक गोष्ट मात्र जमेना. ओरडणं. ठोसा मारताना, लाथ मारताना पोटातून आवाज काढायचा असतो, ‘कियाय’ असा. मॅडम सांगायच्या, “गले से नक्को, पेट से. आवाज निकला की पेट कसता, पेट कसा की कमर पक्की, आदमी डुलता नहीं.” पटायचं. पण आवाज निघेना. आम्ही सगळ्या ‘या’, ‘ई’ असं काहीतरी पुटपुटायचो, देवळात आरतीचे शब्द येत नसले की पुटपुटतात तसं. जन्मात कधी ओरडायची परवानगीच नव्हती ना कुणाला. बाईनं हळू बोलावं, हळू हसावं. आता एकदम पोटातून म्हटल्यावर कुठून आणायचं?

त्या दिवशी आम्ही रांगेत उभ्या होतो अन् शेडच्या दाराशी कॉलनीतलं ते तांबडं कुत्रं आलं. सगळ्यांच्या चपला दारात. कुत्र्यानं नेमकी माझी उचलली. नवी होती हो, पायाच्या डॉक्टरी मापाची! मी रांगेतूनच ओरडले, “हाड्!”

असा आवाज गेला की पत्रा वाजला. कुत्र्यानं चप्पल टाकली अन् शेपूट घालून पळालं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. अन् मॅडम नाचायलाच लागल्या. “यहीच! यहीच होना था मेरेकू! फिर से बोलो खाला!”

“हाड्!”

“लाथ के साथ!”

लाथ अन् “हाड्!” एकदम. अन् खरं सांगते, पहिल्यांदा माझा उभा पाय हलला नाही. पोट आपोआप दगड झालं, कंबर धरली गेली. त्या जोडीतल्या सासूबाई म्हणाल्या, “हे तर आपल्याला येतंच की!” अन् मग सगळ्या रांगेनं मारली. “हाड्!” त्या दिवसापासून आमच्या बॅचचा आवाज तोच. कॉलनीत सकाळी आम्ही सुरू झालो की कुत्री गल्ली सोडून जायची.

अंगात फरक पडायला लागला तो असा एकदम नाही. आधी झोप लागायला लागली, गाढ. मग जिना. एक दिवस वर आल्यावर ध्यानात आलं, कठडा धरलाच नाही. मग कात्री. जाड कापडाचे दोन थर एकदम कापताना मनगट कुरकुरायचं, ते थांबलं. पाण्याची बादली उजव्या हातानं उचलायला लागले. पोटऱ्या तर अशा झाल्यात की मीच मधून मधून बघते. डॉक्टरांनी पुन्हा तपासणी केली. म्हणाले, “हाडं तरणी होत नसतात मावशी, पण आहेत तिथं टिकलीत, खाली गेली नाहीत.” मग एका पायावर उभं राहायला लावलं. मी उभी राहिले ती राहिलेच. शेवटी तेच म्हणाले, “बरं बरं, ठेवा पाय. बाहेर पेशंट बसलेत.” घरातल्या भिंतीवरचा तो मळका पट्टा मी दसऱ्याला चुना देऊन झाकून टाकला. काय अभिमान वाटला म्हणून सांगू! कुणी हार घातला नाही, पेढे वाटले नाहीत, पण मला वाटला.

लेकीला हे सगळं फोनवर खोटं वाटायचं. “आई, तू मला बनवतेस.” भांडण झालं. शेवटी मी सांगितलं की दिवाळीच्या आधी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा आहे. ती म्हणाली, “ठीक आहे. मी येते बघायला. पट्टा मिळाला तर पुण्याचं नाव काढणार नाही. नाही मिळाला तर माझ्यासोबत गाडीत बसायचं.” म्हटलं, “बस ठरलं.”

आली ती मोठी रिकामी बॅग घेऊन. ती बॅग तिनं माझ्या कपाटासमोरच ठेवली.

परीक्षेला बाहेरगावचे एक सर आले होते. पांढऱ्या मिशा, काळा पट्टा इतका जुना की कडेनं दोरे निघालेले. हात शिवशिवले माझे, पण गप्प बसले. मॅडमचा चेहरा उतरलेला. तिच्या हाताखालची ही पहिलीच बायांची बॅच होती. लेक कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत.

रांगेनं पहिला ठोसा मारला. “हाड्!”

सरांनी हात वर केला. “हे काय ओरडताय? हे काय चालत नाही. नीट ‘कियाय’ म्हणा.”

मॅडमनी मान खाली घातली. मग एकेकीला पुढं बोलावणं सुरू झालं. माझी पाळी आली. एका पायावर उभं राहून लाथ पुढं काढायची अन् धरून ठेवायची. मी पाय उचलला अन् सरांना हवा तसा आवाज काढायला गेले. ‘कि’ निघालं अन् ‘याय’ घशातच अडकलं. शिंक आल्यासारखं. पोट ढिलं पडलं, मी डुलले, अंगठा जमिनीला लागला.

कडेला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लेक अर्धी उठली होती. हात पुढं केलेला, मला धरायला. तो हात बघितला अन् मला कपाटासमोरची ती रिकामी बॅग आठवली. माझं डोकं तापलं.

“सर, पुन्हा मारू का?”

“मारा.”

मी पाय उचलला अन् माझ्या पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. “हाड्!”

लाथ गेली अन् तिथंच राहिली. उभा पाय जमिनीत रोवल्यासारखा. शेडबाहेर झोपलेलं तांबडं कुत्रं उठून पळालं. सर बघतायत, मी बघतेय, पाय वरच.

“मी तुम्हाला काय सांगितलं होतं?”

“सर, डॉक्टरांनी मला हाडं सांभाळायला सांगितलंय. मी त्यांचंच नाव घेते.”

सासूबाई फिसकन हसल्या, मग सून, मग सगळी रांग. सरांच्या मिशा हलल्या. “पोटातून येतंय का?”

“पोटातूनच येतंय.”

“मग राहू द्या. ठेवा पाय खाली.” अन् मागं वळून मॅडमला म्हणाले, “सगळ्यांना तेच म्हणू द्या. चांगलं तयार केलंय तुम्ही.” त्या पोरीचा चेहरा असा उजळला की मला माझ्या पट्ट्यापेक्षा तोच बघत राहावासा वाटला. पट्टा हळदीसारखा पिवळा. कमरेला बांधायच्या आधी मी शिलाई बघून घेतली. बरी होती.

घरी आलो. जिन्यावर मी पुढं, ती मागं. दोन मजल्यात तिलाच धाप लागली. हॉलमध्ये ऊन दाखवून आणलेल्या गाद्या पसरलेल्या होत्या, दिवाळीची आवराआवर चाललेली. ती त्या गादीच्या कडेला बसली अन् म्हणाली, “जिंकलीस. पुण्याचं नाव काढणार नाही.” अन् मग एकदम रडायला लागली. “पण आई, मी रोज सकाळी तुला फोन लावते ना, तेव्हा तू उचलेपर्यंत माझा जीव नुसता टांगणीला असतो गं. एखाद्या दिवशी उचललाच नाहीस तर?”

मला इतके दिवस वाटत होतं ही हुकूम सोडते. ती तर पुण्यात भिंत धरून चालत होती. डोक्यावरून हात फिरवला अन् म्हटलं, “ऊठ.”

ती उठली ती दोन्ही हात टेकून, कमरेला धरून. दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढं बसून तिशीतच पाठ धरलीय पोरीची.

“पड.”

“काय?”

“गादीवर पड. हनुवटी छातीला लाव, बेंबीकडं बघ. हात टेकायचा नाही.”

“आई, वेडी आहेस का?”

“पड म्हणते ना!”

पडली. हात टेकलाच. म्हटलं, “पुन्हा.” पुन्हा टेकला. लहानपणी हिला याच हॉलमध्ये मी चालायला शिकवलं होतं, अन् पाऊल टाकलं की ओरडायचे, पडशील पडशील! आता शेजारी उकिडवी बसून पड पड म्हणत होते. शेवटी एकदा तिची पाठ गोल झाली, हात फाडकन गादीवर आपटले अन् ती तशीच आढ्याकडं बघत पडून राहिली. डोळ्यात पाणी अन् हसतेय. “लागलं नाही गं,” म्हणाली.

भाऊबीज झाल्यावर ती गेली तेव्हा बॅग भरलेली होती. चकल्या, चिवडा अन् मी शिवलेले दोन पांढरे ड्रेस, मियानी घातलेले. तिच्या घराजवळ एक क्लास निघाला. सकाळी ऑफिसच्या आधी जाते.

आता सकाळचा फोन मी लावते. “काय गं, पडलीस का आज?”

“पडले आई,” ती धापा टाकत सांगते, “अन् हात नाही टेकला.”